शाळेचें ग्रंथालय आणि कपाटांच्या किल्ल्या

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या गांवांतील एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला कीं, ग्रंथालयाची खोली नव्यानें लावावयाची आहे, तरी एकदां येऊन पाहून जावें. निमित्त असें कीं, कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं शाळेला देणगी दिली होती, आणि देणगी आली कीं तिच्या मागोमाग कंत्राटदारहि येतोच. त्यानें नकाशा तयार ठेवला होता. छताला भिडणारीं कांचेच्या दारांचीं कपाटें, मधोमध एक लांबच लांब चकचकीत टेबल, आणि दारासमोरच्या भिंतीवर देणगीदारांच्या नांवांची ग्रॅनाइटची शिळा. नकाशा दिसावयास सुरेख होता; त्यांत मूल कोठें उभें राहणार एवढें मात्र कोठेंच दाखविलेलें नव्हतें.

खोली मीं पूर्वींहि पाहिली होती, पण नुसतें पाहणें आणि न्याहाळणें यांत अंतर असतें. वरच्या मजल्याच्या टोंकाला, प्रयोगशाळेच्या शेजारीं, सुमारें तीस फूट लांब व वीस फूट रुंद अशी ही खोली. चारी भिंतींना पाठ लावून लोखंडी कपाटें उभीं. उत्तरेकडच्या दोन खिडक्यांपैकीं एक कपाटामागें गडप झालेली, त्यामुळें भर दुपारीं दिवे लावावे लागत. आंत पाऊल टाकतांच आडवें टेबल, जणूं जकातनाकाच. टेबलापलीकडे ग्रंथपालबाई, आणि त्यांच्या पलीकडे पुस्तकें. प्रत्येक कपाटाला कुलूप. मुलांचा पुस्तकांशीं जो कांहीं संबंध येई तो आठवड्यांतून एक तास, आणि तोहि असा: बाई एका कपाटांतून चाळीस-पन्नास पुस्तकें काढून वर्गप्रमुखाच्या स्वाधीन करीत, तो हजेरीच्या क्रमानें वांटीत जाई, आणि तास संपतांच गोळा करून परत देई. सतराव्या क्रमांकाच्या मुलीच्या वांट्याला जें सतरावें पुस्तक येईल तें तिचें. अशाच एका मुलीनें मला पुढें सांगितलें कीं, एका वर्षांत कुक्कुटपालनाचें एकच पुस्तक तिला तीन वेळां मिळालें, आणि ते तिन्ही तास तिनें शेजारच्या मुलाच्या हातांतील भुतांच्या गोष्टींकडे पाहण्यांत घालविले.

कपाटांतील क्रमहि लक्षांत ठेवण्याजोगा होता. हाताच्या उंचीवर, म्हणजे सर्वांत सोयीच्या खणांत, प्रकाशकांनीं पाठविलेल्या पाठ्यपुस्तकांच्या नमुना-प्रती, जुन्या नोंदवह्या आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. गोष्टींचीं पुस्तकें सर्वांत वर, कारण त्यांना मागणी फार, आणि हातीं लागलीं कीं तीं फाटतात. सर्वांत खालीं, जमिनीपासून चार बोटांवर, शब्दकोश आणि मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड, जे उचलतांना मोठ्या माणसाचीहि कंबर धरावी. घरीं जेवतांना मीं हें वर्णन केलें, तेव्हां आमच्या वहिनी हंसल्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, स्वयंपाकघरांतील मांडणी लावणारी कोणतीहि बाई रोजचें मीठ माळ्यावर ठेवीत नाहीं. रोजचें तें हाताशीं, जड तें कंबरेशीं, आणि सणावारीं लागेल तें वर. यांत शिकण्यासारखें काय आहे?" ग्रंथालयशास्त्रावर मीं जें थोडेंबहुत वाचलें आहे, त्यांत फळ्यांच्या बाबतींत याहून फारसें निराळें मला आढळलेलें नाहीं.

मग शाळेंत हें सारें उलटें कां झालें? ग्रंथपालबाई आळशी होत्या म्हणून? मुळींच नाहीं. अठरा वर्षें त्यांनीं हीं पुस्तकें सांभाळलीं होतीं. उसवलेलीं पुस्तकें स्वतः दाभण-दोरा घेऊन शिवलीं होतीं. कुलुपांविषयीं विचारतांच त्यांनीं टेबलाच्या खणांतून एक वही काढून माझ्यापुढें ठेवली. दरवर्षीं मोजदाद होते, आणि जें पुस्तक भरत नाहीं त्याची किंमत त्यांच्या पगारांतून वळती होते. वहींत अशा रकमांची रांगच होती. "या खोलींतलें पुस्तक हरवलें तर तें माझ्या नांवावर," त्या शांतपणें म्हणाल्या, "आणि वर्षानुवर्षें कोणीं उघडलें नाहीं तर तें कोणाच्याच नांवावर नाहीं. मग मीं काय करावें, तें तुम्हीच सांगा." मला उत्तर सुचलें नाहीं. खोलींतील प्रत्येक कपाट आपल्या जागीं कां उभें आहे, टेबल दारांत आडवें कां आहे, गोष्टी वर कां गेल्या, या सर्वांचें कारण त्या वहींत होतें; आणि तें कोणत्याहि सुताराला दुरुस्त करतां येण्याजोगें नव्हतें.

मला आमच्या जुन्या घरांतील कपाट आठवलें. ओसरीच्या आंतल्या भिंतींत तें बसविलेलें होतें, आणि त्याची किल्ली आजोबांच्या जानव्याला असे. पुस्तक हवें असेल तर आजोबांची दुपारची झोंप होईपर्यंत थांबावें, हात धुवून समोर उभें राहावें, आणि कोणतें पुस्तक व कशासाठीं हें सांगावें, असा रिवाज होता. आम्ही मुलें मागतच नसूं. आजोबांच्या पश्चात् कपाट उघडलें, तेव्हां बांधीव मासिकांच्या एका पुठ्ठ्यापासून दुसऱ्या पुठ्ठ्यापर्यंत कसरीनें आरपार वाटा पाडल्या होत्या. त्या घरांत सर्वांत मनापासून वाचन कोणीं केलें असेल तर तें तिनें. आजोबांना पुस्तकांची आस्था नव्हती असें कोणीं म्हणूं नये. फार होती, आणि म्हणूनच किल्ली जानव्याला होती.

हा विकार केवळ आपल्या घरांचा किंवा आपल्या शाळांचा नव्हे. मध्ययुगांत युरोपांत पुस्तकें सांखळीनें फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडांत हेरफर्ड येथील कॅथीड्रलमध्यें असें सांखळबंद ग्रंथालय अद्यापि पाहावयास मिळतें. सांखळी पुठ्ठ्याच्या पुढल्या कडेला अडकविलेली असल्यामुळें तेथें पुस्तकाची पाठ आंत व पानांची कड बाहेर अशी ठेवावी लागते. पुढें सांखळ्या गेल्या, पण त्यांच्यामागची भीति राहिली. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील हार्वर्ड येथें सिब्ली नांवाचे ग्रंथपाल होते, त्यांची एक आख्यायिका सांगतात. ते एके दिवशीं मोठ्या समाधानानें लगबगीनें चालले होते. कोणीं कारण विचारतां म्हणाले, सर्व पुस्तकें जागेवर आलीं आहेत, दोन तेवढीं प्राध्यापक अगासी यांच्याकडे राहिलीं, तीं आणावयास निघालों आहें. ही गोष्ट मीं आमच्या ग्रंथपालबाईंना सांगितली, तेव्हां त्यांना हंसूं आलें नाहीं. त्यांनीं विचारलें, "मग तीं मिळालीं का?"

वाचकानें स्वतः फळीपाशीं जाऊन पुस्तक निवडावें, ही पद्धति इंग्लंडांतील सार्वजनिक ग्रंथालयांत जेम्स डफ ब्राउन यांनीं १८९४ सालीं लंडनच्या क्लार्कनवेल भागांत सुरूं केली, तेव्हां त्यांच्याच व्यवसायबंधूंनीं मोठें वादळ उठविलें. ब्राउन भोळे नव्हते. आंत येण्याची वाट ठरलेली, बाहेर जाण्याची ठरलेली, आणि दोहोंवर ग्रंथपालाची नजर, अशी त्यांची रचना होती. बंदोबस्त काय तो दाराशीं, फळीशीं नाहीं. आपल्याकडे हें वारें बडोद्याहून आलें. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतलें आणि संस्थानभर ग्रंथालयें उभारण्याच्या कामाला लावलें. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतींत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड कांचेची आहे. ती शोभेसाठीं नव्हे, तर उजेड मजल्यामजल्यांतून खालच्या फळीपर्यंत उतरावा म्हणून. पुढें मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस्. आर्. रंगनाथन्, जे मूळचे गणिताचे अध्यापक, यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. पुस्तकें उपयोगाकरितां असतात, अशा आशयाचें त्यांतलें पहिलें सूत्र आहे. इतकी उघड गोष्ट सूत्र करून सांगावी लागली यावरूनच ती किती थोड्या ठिकाणीं पाळली जात होती हें दिसतें. या एकाच सूत्रांतून ग्रंथालयाची जागा, तें उघडें ठेवण्याच्या वेळा, बसण्याची सोय, हें सर्व ते गणित्याच्या शिस्तीनें काढून दाखवितात. फळीची उंचीहि त्यांतूनच निघते: जमिनीवर उभ्या असलेल्या साधारण माणसाचा हात शिडीवांचून पोंचेल, तेवढीच ती असावी.

म्हणून शालासमितीपुढें मीं प्रथम मांडला तो प्रश्न कपाटांचा नव्हता, हिशेबाचा होता. सभा दोन तास चालली. कोषाध्यक्ष म्हणाले, पुस्तकें मोकळीं सोडलीं तर वर्षांत निम्मीं जातील, तीं भरून कोण देणार? त्यांचा प्रश्न गैर नव्हता. पैसा संस्थेचा होता आणि तो सांभाळणें हें त्यांचें कामच होतें. मीं त्यांना केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील ग्रंथालयविषयक कलम वाचून दाखविलें. वर्षभरांत दिलेल्या व चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागें पांच गहाळ झालीं, आणि त्यांत लबाडी किंवा हयगय नसली, तर ती तूट वाजवी समजावी, असें त्यांत आहे. हजार रुपयांहून अधिक किंमतीचा किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी झालीच पाहिजे. हा नियम सरकारी कार्यालयांचा, आमच्या शाळेला तो बांधून घेत नाहीं. पण सरकारच्या हिशेबनिसाला जी तूट सोसवते ती आपल्याला कां सोसूं नये, यावर कोषाध्यक्षांना उत्तर देतां आलें नाहीं, आणि ते मनानें सरळ असल्यामुळें त्यांनीं तें देण्याचा प्रयत्नहि केला नाहीं. दुसरे एक सभासद म्हणाले कीं, २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, त्यांत गोष्टींचीं पुस्तकेंहि असावीं, असें सांगितलेंच आहे. तें आपल्याकडे आहे, मग आणखी काय हवें? कायद्यांत कुलुपाविषयीं कांहीं नाहीं, हें खरें. अखेर दर हजारीं पांचांपर्यंतची तूट ग्रंथपालबाईंकडून वसूल करूं नये असा लेखी ठराव झाला. त्याची प्रत बाईंनीं मागून घेतली, दोनदां वाचली, आणि त्या जुन्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटविली. कामाला सुरुवात झाली ती त्या दिवसापासून.

कांचेचीं कपाटें रद्द झालीं. ग्रॅनाइटच्या शिळेचा पेंच देणगीदारांपैकींच एका गृहस्थांनीं सोडविला: आमचीं नांवें भिंतीवर नकोत, नव्या पुस्तकांच्या आंतल्या पानावर छापील चिट्ठी लावा, म्हणजे मुलें निदान वाचतील तरी. वांचलेल्या पैशांत उघड्या लांकडी मांडण्या करविल्या. पांचवींतल्या मुलाची उंची साडेचार फुटांच्या आंतबाहेर असते, म्हणून लहानांच्या मांडण्या चार फुटांवर थांबविल्या. मोठ्यांच्या साडेपांच फुटांवर. खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर, म्हणजे केरसुणीहि फिरते आणि वाळवी लागलीच तर दिसते. मांडण्या भिंतींना न लावतां खिडक्यांच्या भिंतीशीं काटकोनांत उभ्या केल्या, त्यामुळें उत्तरेचा उजेड सरळ दोन मांडण्यांमधल्या गल्लींत शिरतो. गल्ली चार फूट रुंद ठेवली. एक मूल उकिडवें बसून खालची फळी पाहत असतां दुसऱ्याला मागून जातां आलें पाहिजे; नाहीं तर तंटे होतात आणि मग पुन्हां कोणाला तरी कुलुपें आठवतात. पश्चिमेची भिंत पावसाळ्यांत ओल धरते, तिच्याशीं एकहि पुस्तक ठेवलें नाहीं. तेथें नकाशे टांगले. बंद लोखंडी कपाटांतील पुस्तकांना बुरशीचा वास कां येत होता हेंहि तीं हलवितांना कळलें. वारा लागत नव्हता. कुलुपानें चोर बाहेर राहतो, पण ओल आंतच राहते.

बाईंचें टेबल दारांतून काढून कोंपऱ्यांत, दाराशेजारींच पण तोंड खोलीकडे करून ठेवलें. ब्राउनसाहेबांची युक्ति तीच. मधल्या मांडण्या ठेंगण्या असल्यामुळें त्यांना बसल्या जागेवरून सगळ्या गल्ल्या दिसतात. विश्वकोशाचे खंड कंबरेच्या उंचीवर आले आणि त्यांच्याजवळ एक उतरतें मेज ठेवलें, कारण तो खंड हातांत धरून वाचणें शक्य नसतें. चकचकीत टेबलाऐवजीं निम्म्या जागेंत सतरंज्या घातल्या. आपल्या घरांतील मुलें पालथीं पडून वाचतात हें प्रत्येक आईला ठाऊक आहे. खुर्चीवर ताठ बसल्यावांचून वाचन होत नाहीं, ही समजूत शाळांतच कोठून येते कोण जाणे.

एक अडचण खास मराठी पुस्तकांची आहे, आणि तिच्यावर परदेशी पुस्तकांतून उपाय सांपडत नाहीं. आपलीं मुलांचीं पुस्तकें बहुधा सोळा-बत्तीस पानांचीं, तारेच्या टांक्यांनीं जोडलेलीं. त्यांना पाठच नसते. फळींत उभीं केलीं कीं नांव दिसत नाहीं, रंग दिसत नाहीं. शंभर पुस्तकांचा एक करडा पट्टा दिसतो. अशीं पुस्तकें तोंड पुढें करूनच ठेवलीं पाहिजेत. त्यांसाठीं भिंतीवर तिरप्या पट्ट्या ठोकल्या, आणि त्याहि पुरेनात तेव्हां खोलीच्या एका कोंपऱ्यांत दोऱ्या बांधून कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनीं पुस्तकें टांगलीं. समितीच्या एका ज्येष्ठ सभासदांना हें धोब्याचें दुकान वाटलें. मुलांना तसें वाटलेलें दिसलें नाहीं. जाड पुस्तकांची पाठ असते, पण कोणाचें नांव खालून वर छापलेलें तर कोणाचें वरून खालीं, त्यामुळें वाचकाला कोंबडीसारखी मान दोन्हीकडे फिरवावी लागते. प्रकाशकांनीं एकदां एकत्र बसून हें ठरवावें. तसें होईपर्यंत बाई प्रत्येक पुस्तकाला खालच्या बाजूस आडवी चिट्ठी लावतात.

वर्गीकरणाची कथा निराळीच. मेल्विल ड्यूई यांची १८७६ सालीं निघालेली दशांश पद्धति जगभर चालते. तींत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. जेथें बहुतेक पुस्तकें मराठीच तेथें जवळजवळ सारी खोलीच ८९१.४६! पांचवींतल्या मुलाला त्यानें काय कळणार? नोंदवहींत तो आंकडा राहूं दिला, पण फळ्यांवर मुलांच्याच शब्दांत पाट्या लावल्या: प्राण्यांच्या गोष्टी, भुतांच्या, शूरांच्या, हंसावयाच्या, करून पाहावयाच्या. मोठ्यांच्या बाजूला लेखकाच्या आडनांवाचा अकारविल्हे क्रम धरला आणि तेथेंच घोटाळा झाला. राम गणेश गडकरी यांचीं नाटकें गडकरी या नांवाखालीं, कविता गोविंदाग्रज या नांवाखालीं आणि विनोदी लेख बाळकराम या नांवाखालीं. एकाच गृहस्थाला खोलीच्या तीन टोंकांना बसवावें लागलें असतें. दहावींतल्या एका मुलीनें सुचविलें कीं, तिघांना एके ठिकाणीं बसवावें आणि बाकी दोन जागीं लांकडाचा ठोकळा ठेवून त्यावर 'गडकरी पाहा' असें लिहावें. तसे ठोकळे आतां बरेच झाले आहेत. ते शोधीत फिरणें हा मधल्या सुटींतला एक खेळच होऊन बसला आहे.

सर्वच साधलें असें नाहीं. नववी-दहावीचीं मुलें येतात तीं बहुतांशीं शिकवणीचे प्रश्नसंच सोडविण्यासाठीं. फळ्यांकडे त्यांची पाठ असते. सतरंजीवरचा गोंगाट शेजारच्या प्रयोगशाळेंत ऐकूं जातो आणि विज्ञानाचे शिक्षक भिंतीवर थाप मारतात. फाटण्याचें प्रमाण वाढलें, यांत शंका नाहीं. बाईंच्या टेबलावर डिंक आणि दाभण आतां कायमचेच. यंदाच्या एप्रिलांत मोजदाद झाली. वर्षभरांत दिलेल्या पुस्तकांची नोंद तीन हजारांवर गेली होती, म्हणजे ठरावाप्रमाणें पंधरांपर्यंत मुभा होती. तेरा भरलीं नाहींत. त्यांत नऊ भुतांच्या गोष्टी. सुटी संपल्यावर त्यांतलीं चार कोणीं तरी कांहीं न बोलतां पायरीवर आणून ठेवलीं, वर्तमानपत्राचीं वेष्टणें घालून. कुक्कुटपालनाचें पुस्तक जागेवर आहे.

जुन्या कपाटांपैकीं दोन प्रयोगशाळेनें नेलीं, एक खेळाच्या सामानाला गेलें, बाकीचीं भंगारांत निघालीं. एक मात्र बाईंनीं ठेवून घेतलें आहे. त्यांत शाळेच्या जुन्या हस्तलिखित मासिकांचे अंक आणि पुन्हां न मिळणारे पांचपंचवीस ग्रंथ आहेत, आणि त्याला कुलूप आहे. तें योग्यच आहे. बाईंच्या कंबरेला किल्ल्यांचा जुडगा मात्र पूर्वींइतकाच मोठा दिसतो. मीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, त्यांतली एकच लागते, पण बाकीच्या काढल्या तर चालतांना चुकल्यासारखें वाटतें.